अकेडियन पूर्वज शोधताय? मग एकटं नाव नको, जोडपं शोधा

मॉन्क्टन, हॅलिफॅक्स, बॉस्टन, ह्यूस्टन, सगळीकडे आता आपली मराठी मंडळी आहेत, कुणाची सून लेब्लाँ निघते, कुणाचा जावई बूड्रो, आणि मग कधीतरी नातवंडाच्या शाळेतल्या फॅमिली ट्रीच्या निमित्ताने विषय निघतो की त्या बाजूचे लोक मूळचे कुठले. उत्तर येतं "आम्ही अकेडियन", आणि गाडी तिथेच थांबते. खरं तर अकेडियन असणं म्हणजे वंशावळीच्या बाबतीत लॉटरीच आहे, कारण बहुतेक घराण्यांची साखळी थेट १६७१ च्या खानेसुमारीपर्यंत जाते आणि त्यातलं बरंच काम अभ्यासकांनी आधीच करून ठेवलंय. अवघड आहे ती फक्त मधली तीसेक वर्षं, १७५५ ते १७८५. ती पार केली की तुम्ही सुटलात, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आधी थोडा इतिहास, नाहीतर कागद कळणार नाहीत

अकेडिया म्हणजे ढोबळमानाने आजचं नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड. फ्रेंच लोक १६०४ ला आले, १६०५ ला पोर-रोयाल उभं केलं, पण बायकामुलं घेऊन नीट वस्ती सुरू झाली ती १६३० च्या दशकात. हे लोक समुद्राच्या खाऱ्या दलदलीला बांध घालून शेती करायचे, बांधात लाकडी झडप, ओहोटीला गोडं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं आत येत नाही. गोव्या-कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, आपली खाजणं अशीच चालतात.

१७१३ च्या उत्रेख्त तहात मुख्य भूमी इंग्रजांकडे गेली, इल रोयाल (आजचं केप ब्रेटन) आणि इल सँ-जाँ (आजचं प्रिन्स एडवर्ड आयलंड) फ्रेंचांकडे राहिली. पुढे राजनिष्ठेच्या शपथेवरून वाद चिघळला आणि १७५५ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सच्या कारकिर्दीत या लोकांना उचलून जहाजात भरलं, मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंत वसाहतींमध्ये विखरून टाकलं. १७५८ ला इल रोयालवरचा फ्रेंच किल्ला लुईबूर पडल्यावर बेटांवरच्या लोकांनाही तेच, त्यांना थेट फ्रान्सला पाठवलं. या सगळ्याला ते ग्राँ देराँजमाँ, म्हणजे मोठी उलथापालथ, म्हणतात. वंशावळीच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की एका कुटुंबाचे कागद तीन-चार देशांत पडलेत.

जोडपं का

१६७१ ला अख्ख्या अकेडियात चारशेसुद्धा माणसं नव्हती. पुढची सगळी प्रजा मुख्यतः याच मोजक्या घरांतून वाढली, आडनावं मोजकी, आणि पहिली नावं तर त्याहून मोजकी, जोसेफ, जाँ, पियेर, शार्ल, मारी, मार्गरीत, मादलेन, संपली यादी. त्यामुळे "जोसेफ लेब्लाँ" असं सर्च केलंत तर ढीगभर जोसेफ लेब्लाँ येतील आणि त्यातल्या चौघांचं वयही सारखं असेल. पण फ्रेंच कॅथलिक कागदांत एक फार चांगली गोष्ट आहे, बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत तिच्याबरोबर राहतं. लग्नात, मुलांच्या बाप्तिस्म्यात, दफनाच्या नोंदीत, सगळीकडे माहेरचंच नाव. म्हणून नवरा-बायको असं जोडीने शोधलं की गर्दी एकदम कमी होते.

यातही गंमत होतेच. लुईझियानाच्या अकेडियन लोकांचा गाजलेला पुढारी जोसेफ ब्रूसार, त्याला बोसोलेई म्हणायचे. त्याचा भाऊ आलेक्सांद्र, त्यालाही बोसोलेईच म्हणायचे. जोसेफची बायको आन्येस थिबोदो, आलेक्सांद्रची मार्गरीत थिबोदो, दोघी सख्ख्या बहिणी. दोघे भाऊ १७६५ ला लुईझियानात पोचले आणि दोघेही त्याच वर्षी वारले. आता फक्त "ब्रूसार डी बोसोलेई, बायको थिबोदो" एवढ्यावर कुणी झाड बांधलं तर चुकीच्या भावाला चिकटणार हे नक्की. म्हणजे जोडपं पूर्ण पाहिजे, दोघांचं नाव आणि आडनाव.

हे जे "डी" आहे ना, ते टोपणनाव जोडायला वापरतात. कधी पुढे टोपणनावच आडनाव होऊन बसतं, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधायचं. शिवाय गावात सारखी नावं फार असली की "जाँ आ पियेर आ शार्ल" म्हणजे शार्लच्या पियेरचा जाँ असंही म्हणायचे, आणि घरातले म्हातारे अजून तसं म्हणत असतील तर ते आधी लिहून घ्या, तीन पिढ्या फुकटात मिळाल्या.

पहिली पायरी: आजपासून १८६० पर्यंत

मागे मागे जायचं, उडी मारायची नाही. बरेच लोक आडनाव बघून डायरेक्ट १६७१ च्या यादीत घुसतात आणि तिथून खाली यायचा प्रयत्न करतात, त्यातून काही निष्पन्न होत नाही.

घरातले कागद, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली मृत्यूची कार्डं, फोटोच्या मागे लिहिलेलं, थडग्यावरचं, हे सगळं आधी. मग सरकारी नोंदी. नोव्हा स्कोशियात जन्म आणि मृत्यूची सरकारी नोंद १८६४ ला सुरू झाली, १८७७ ला बंद पडली आणि १९०८ ला परत सुरू झाली, लग्नांची मात्र १८६४ पासून चालूच आहे. म्हणून नोव्हा स्कोशियाचा माणूस असेल तर आधी लग्न पकडा. हे सगळं नोव्हा स्कोशिया आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट बघता येतं. न्यू ब्रन्सविकची नोंदणी १८८८ पासून, प्रिन्स एडवर्ड आयलंडची १९०६ पासून, त्याआधी चर्चशिवाय पर्याय नाही.

कॅनडाची खानेसुमारी लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे आहे, १९३१ पर्यंतची खुली झालीय. १९०१ च्या फॉर्मवर जन्मतारीख आणि वंश दोन्ही विचारलेत, त्यामुळे नाव इंग्रजी झालेलं असलं तरी "फ्रेंच" लिहिलेलं सापडतं. आणि नाव इंग्रजी होणं ही मोठी डोकेदुखी आहे. लेब्लाँचे व्हाइट झाले, पॉयरिएचे पेरी, पित्रचे पीटर्स, ल झनचे यंग, आणि प्रिन्स एडवर्ड आयलंडवर ओक्वँचे चक्क वेज झाले. लुईझियानात उलटं, तिथे बूड्रो, थिबोदो, कोमो यांच्या स्पेलिंगला शेवटी एक्स लागला, उच्चार तोच. वेबसाइटवर शोधताना आडनावाची सगळी रूपं टाकून बघायची, फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं उच्चारत नसल्यामुळे लिहिणाऱ्याने कानाला आलं ते लिहिलंय.

एक आडवाट पण कामाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खूप अकेडियन मॅसॅच्युसेट्समधल्या गिरण्यांत, कारखान्यांत आणि मासेमारीत कामाला गेले. मॅसॅच्युसेट्सच्या लग्न-मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावं, आईच्या माहेरच्या नावासकट सहसा असतात. कॅनडात न मिळणारी आई तिच्या अमेरिकेत गेलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या नोंदीत मिळू शकते. म्हणून सरळ रेषेतल्या माणसाची भावंडं सोडायची नाहीत.

दुसरी पायरी: चर्चची रजिस्टरं, साधारण १७८५ ते १८६०

इथे फॅमिलीसर्च (फुकट, पण अकाउंट लागतं) आणि चर्च-रजिस्टरांचा संग्रह असलेलं क्वेबेकचं द्रुएँ कलेक्शन (अँसेस्ट्री या वेबसाइटवर आहे, पैसे पडतात) ही दोन मुख्य हत्यारं. हद्दपारीनंतर १७६४ पासून इंग्रजांनी लोकांना परत येऊन राहायची परवानगी दिली, पण जुनी शेतं दुसऱ्यांना देऊन झाली होती, मग हे लोक नव्या जागी वसले, नोव्हा स्कोशियात बे सँत-मारी, शेतिकाँ, इल मादाम, न्यू ब्रन्सविकमध्ये मेमरामकूक, काराके, मादावास्का. तुमचं कुटुंब यातल्या कुठल्या पट्ट्यातलं ते कळलं की शोध निम्म्यावर येतो, कारण लग्नं बरीचशी पट्ट्यातल्या पट्ट्यातच.

सुरुवातीला पाद्री नसायचेच. लोक साक्षीदारांसमोर आपापसात लग्न लावायचे आणि कधीतरी मिशनरी आला की तो एका दमात लग्नाला मान्यता द्यायचा आणि त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा पण द्यायचा. आबे बायी हा पाद्री १७६८ ते १७७२ या काळात असाच फिरत होता. म्हणून या वर्षांत लग्नाची तारीख पहिल्या मुलाच्या जन्मानंतरची दिसली तर दचकू नका आणि बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहू नका, मूल तेव्हा चार वर्षांचं पण असेल. बे सँत-मारीला आबे सिगोन्य १७९९ ला आला, तिथून पुढे त्या भागाचा जीव भांड्यात पडतो.

फ्रेंच येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, रजिस्टरची भाषा ठरलेली असते. फिस म्हणजे मुलगा, फिय मुलगी, व्हव्ह विधवा, फ किंवा देफँ म्हणजे कैलासवासी, पारँ आणि मारेन हे धर्मपिता-धर्ममाता, इन्युमे म्हणजे दफन केलं. एवढ्यावर ऐंशी टक्के नोंद वाचता येते. "फ" हा शब्द सोन्यासारखा, बाप त्या तारखेआधी वारला हे त्यातून कळतं.

तिसरी पायरी: १७५५ ते १७८५

इथे सरळ साखळी तुटते. तुमच्याकडे आता एक जोडपं हवं ज्यांचं लग्न या तीस वर्षांत झालंय, आणि प्रश्न एकच, यांचे आईवडील कोण. आधी ठरवा हे जोडपं त्या काळात कुठे अडकलेलं असू शकतं. मुलं कुठे कुठे जन्मली ते बघितलं की प्रवासाची रेघ दिसते. मग त्या जागेची यादी उघडायची.

नोव्हा स्कोशियातल्या ग्राँ-प्रे गावचं कुटुंब असेल तर कर्नल जॉन विन्स्लोची यादी. ५ सप्टेंबर १७५५ ला त्याने पुरुषांना आणि मोठ्या मुलांना चर्चमध्ये बोलावून हद्दपारीचा हुकूम ऐकवला, तिथे ४१८ जण होते. त्याने केलेल्या यादीत पुरुषाचं नाव, मुलगे किती, मुली किती, गुरं किती असं आहे. बायकांची नावं नाहीत, आणि इंग्रज माणसाने कानाने लिहिलेली फ्रेंच नावं, तेव्हा मोठ्याने वाचून बघा, मगच कळतं.

वसाहतींमध्ये गेलेल्यांपैकी मॅसॅच्युसेट्सचे कागद सगळ्यात भरलेले, कारण गावोगावी यांच्या जेवणाखाण्याचा खर्च मांडून सरकारकडून वसूल करायचा होता. मॅसॅच्युसेट्स आर्काइव्ह्जच्या २३ आणि २४ नंबरच्या खंडांत "फ्रेंच न्यूट्रल्स" (इंग्रज अकेडियन लोकांना असं म्हणायचे) या नावाखाली हे सगळं आहे. हिशेबाच्या कागदात वंशावळ सापडते ती अशी. १७६३ ला पॅरिसचा तह झाल्यावर बऱ्याच वसाहतींमधल्या अकेडियन लोकांनी स्वतःच्या कुटुंबांच्या याद्या करून फ्रेंच दूताकडे पाठवल्या, आम्हाला इथून न्या म्हणून, त्या याद्याही उपलब्ध आहेत.

व्हर्जिनियाने मात्र लोक घ्यायला नकार दिला, त्यांना १७५६ ला इंग्लंडला धाडलं, लिव्हरपूल, साउथॅम्प्टन, ब्रिस्टल आणि पेनरिनला. तिथे देवीच्या साथीत खूप गेले. उरलेले १७६३ ला सँ-मालो आणि मोर्लेला पोचले. बेटांवरचे लोक १७५८ ला निघाले, त्यातली ड्यूक विल्यम आणि व्हायोलेट ही दोन जहाजं डिसेंबरात माणसांसकट बुडाली. एखादं अख्खं कुटुंब १७५८ नंतर कुठेच दिसत नसेल तर हे आधी आठवा.

बेटांवर राहणाऱ्यांसाठी एक जबरदस्त साधन म्हणजे १७५२ ची खानेसुमारी, जोसेफ द ला रोक नावाच्या माणसाने घरोघर फिरून केलेली. नाव, वय, जन्मगाव, धंदा, इथे येऊन किती वर्षं झाली, सगळं लिहिलंय. यात एखादं जोडपं सापडलं तर त्यांची मुलं वयासकट मिळतात आणि हद्दपारीच्या आधीची शेवटची स्वच्छ तसबीर मिळते.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं. १७६५ ला फ्रान्सने ७८ अकेडियन कुटुंबांना ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल-आँ-मेर बेटावर वसवलं. त्यांच्याकडे ना बाप्तिस्म्याचा दाखला ना लग्नाचा, सगळं मागे राहिलेलं. मग १७६७ ला कुटुंबप्रमुखांना बोलावून शपथेवर त्यांची वंशावळ सांगायला लावली आणि ती लिहून घेतली, आजोबा-पणजोबा कोण, फ्रान्समधून कोण आलं, भावंडं कुठे कुठे विखुरली. तुमचं जोडपं या ७८ मध्ये नसलं तरी त्यांचा चुलत-मावस कुणीतरी असतोच, म्हणून हे प्रत्येकाने वाचावं. आठवणीतून सांगितलेलं आहे, त्यामुळे पणजोबांच्या पिढीत चुका आहेत, पण साक्षीदार स्वतः बोलतोय असं दुसरं काही या काळात नाही.

लुईझियानाची शाखा असेल तर १७८५ ची सात जहाजं लक्षात ठेवा, ल बाँ पापा, ला बेर्जेर, ल बोमाँ, ल सँ-रेमी, लामितिए, ला व्हील दार्कांजेल आणि ला कारोलिन. स्पेनच्या खर्चाने जवळपास १,६०० अकेडियन फ्रान्सहून न्यू ऑर्लिन्सला आले आणि त्यांच्या याद्या कुटुंबवार आहेत. त्याआधी आलेल्यांसाठी स्पॅनिश काळातल्या खानेसुमाऱ्या आणि बॅटन रूज डायोसिसने छापलेले चर्च-नोंदींचे खंड. फक्त स्पॅनिश कारकुनांनी जाँचा हुआन आणि पियेरचा पेद्रो केलेला असतो हे ध्यानात ठेवा.

डिस्पेन्सेशन: लग्नाच्या नोंदीतली छोटी ओळ

हे एवढं उपयोगी आहे की वेगळं सांगतो. कॅथलिक चर्चमध्ये जवळच्या नात्यात लग्न करायचं तर परवानगी, म्हणजे डिस्पेन्सेशन, लागायची, आणि पाद्री नोंदीत लिहायचा की हे दोघे तिसऱ्या डिग्रीत किंवा तिसऱ्या-चौथ्या डिग्रीत नातेवाईक आहेत. मोजायचं असं: दुसरी डिग्री म्हणजे आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. "तिसरी-चौथी" म्हणजे एकाचा पणजोबा तो दुसऱ्याचा खापरपणजोबा. अकेडियन लोक सगळेच एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे अशा परवानग्या भरपूर.

समजा १७७० च्या लग्नात मुलाच्या आईवडिलांची नावं आहेत पण त्या नावाची दोन जोडपी संभवतात. दोन्ही शक्यतांची झाडं कागदावर काढा, मुलीचं झाड शेजारी काढा, आणि बघा कुठल्या शक्यतेत पणजोबा जुळतो. जिथे जुळतो ते बरोबर. त्यांच्या भावंडांच्या लग्नातल्या परवानग्याही याच पद्धतीने तपासा, दोन-तीन जुळल्या की खात्री. हरवलेल्या रजिस्टरांची भरपाई अभ्यासकांनी बरीचशी अशीच केलीय. नातं लग्नातून आलेलं असेल (मेलेल्या बायकोची बहीण वगैरे) तर ती अफिनिटी, ती वेगळी लिहितात, दोन्ही एकत्र करू नका.

चौथी पायरी: १७५५ च्या आधी

इथून उतार आहे. युनिव्हर्सिते द मॉन्क्टनच्या अकेडियन अभ्यास केंद्रात स्टीफन व्हाइट यांनी आयुष्य घालवून अकेडियन कुटुंबांचा वंशकोश केला, दोन जाड खंड, १९९९ ला आले, १६३६ ते १७१४ या काळातल्या कुटुंबांसाठी. थोडक्यात अख्ख्या समाजाचा कुलवृत्तांत. फ्रेंचमध्ये आहे, पण प्रत्येक विधानाला पुरावा दिलाय. तुमच्या जोडप्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यात सापडले की पुढचं काम म्हणजे फक्त पानं उलटणं.

तरी मूळ कागद स्वतः बघा, मजा त्यातच आहे. पोर-रोयालच्या सँ-जाँ-बाप्तिस्त चर्चची १७०२ ते १७५५ ची रजिस्टरं नोव्हा स्कोशिया आर्काइव्ह्जने फोटोसकट ऑनलाइन टाकलीत, नावाने शोधता येतात. ग्राँ-प्रेचं रजिस्टर, १७०७ ते १७४८, निर्वासितांबरोबर फिरत फिरत लुईझियानात पोचलं आणि आज बॅटन रूजला आहे. बोबासँचं १६७९ ते १६८६ आणि मग १७१२ ते १७४८ असं तुकड्यात आहे. पिसिकिद, कोबेकिद आणि रिव्हिएर-ओ-कनारची गेली ती गेलीच. तुमचं कुटुंब या तीन गावचं निघालं तर चर्चची नोंद मिळणारच नाही हे आधीच धरून चाला, तिथे डिस्पेन्सेशन आणि बेल-ईलवरच भिस्त.

खानेसुमाऱ्या १६७१, १६७८, १६८६, १६९३, १६९८, १७०० अशा होत गेल्या. १६७१ ची पाद्री मोलँ यांनी केली आणि लोकांनी त्यांना दाद दिली नाही. पियेर मेलाँसाँ शिंपी, त्याने वय, गुरं, जमीन काहीच सांगायला नकार दिला आणि बायकोने उलट विचारलं की हे विचारत रस्तोरस्ती फिरायला तुम्हाला वेड लागलंय का. पियेर लानू नावाच्या पिंपं करणाऱ्याने निरोप पाठवला की तब्येत छान आहे पण वय सांगणार नाही. वयं अंदाजे असतात, १६७१ आणि १६८६ मध्ये एकाच माणसाचं वय पंधराऐवजी अकरा वर्षांनीच वाढलेलं दिसेल, त्यावरून दोन माणसं समजू नका. आणि १७५२ च्या आधीचे इंग्रजी कागद फ्रेंच तारखेच्या अकरा दिवस (१७०० च्या आधी दहा) मागे असतात.

डीएनए आणि ऑनलाइन झाडं

डीएनए टेस्ट करा, पण आकड्यांवर जाऊ नका. सगळे एकमेकांशी पाच-सात वाटांनी जोडलेले, त्यामुळे कंपनी "तिसरी कझिन" म्हणते ती प्रत्यक्षात सहाव्या पिढीतली सातपदरी कझिन असते. आईकडून आईकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र कामाचा, त्याने काही जुने वाद मिटलेत. रादगोंद लांबेर ही अकेडियन लोकांची एक जुनी पूर्वज मूळ मिकमॅक (तिथल्या आदिवासी जमातीतली) बाई होती असं बरीच वर्षं झाडांवर लिहिलेलं असायचं, तिच्या मुलींच्या वंशातल्या बायकांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए युरोपीय निघाला. तरी अजून जुनीच माहिती कॉपी-पेस्ट होत फिरतेय. ऑनलाइन झाड दिसलं की आधी बघायचं, खाली रजिस्टरचं नाव आणि वर्ष दिलंय का. नसेल तर ते फक्त सूचना म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही.

शेवटी सगळे विचारतात की फ्रान्समधलं मूळ गाव मिळेल का. बहुतेकांचं नाही मिळत, झाड १६५० च्या आसपास पोर-रोयालला येऊन थांबतं आणि त्यापुढे कुणी गाव लिहून दिलं तर संशय घ्या. अपवाद मोजके. सँ-जेआँ हे जहाज १६३६ ला ला रोशेलहून निघालं आणि त्याची प्रवाशांची यादी शिल्लक आहे, व्हाइट यांचा कोश १६३६ पासून का सुरू होतो तेही यावरून कळेल. त्यात बूर्गयचा गियोम त्राहाँ बायको आणि दोन मुलांसह आहे, आणि पियेर मार्तँही बायकोसह आहे. त्राहाँची मुलगी जान पुढे सर्जन झाक बूर्ज्वाची बायको झाली आणि १६७१ च्या खानेसुमारीत ती नवऱ्याच्या नावाखाली, स्वतःच्या माहेरच्या आडनावाने, दहा मुलांसह नोंदलेली आहे.